केंद्रकाचे आवरण आणि घरचे बियाणे

रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर, म्हणजे उत्तरा व हस्त या नक्षत्रांच्या सुमारास, सभासदांकडून एक प्रश्न आमच्याकडे हटकून येतो. तो असा की, मालदांडीचे बी आम्ही वाडवडिलांपासून घरचेच पेरीत आलो व पीक जसेच्या तसे येते. मग संकरित ज्वारीचे घरचे बी पेरले असता पीक का बिघडावे? यात बियाणे विकणाराची काही युक्ती तर नाही ना?

प्रश्न रास्त आहे व त्यावर शेतकऱ्याचा पैसा अवलंबून आहे. आम्ही स्वतः एके वर्षी संकरित ज्वारीची भरदार कणसे पाहून मोहात पडलो व त्यांचेच बी राखून पुढील वर्षी पेरले. ताटे उंच-सखल आली, निसवणी मागेपुढे झाली, आणि पुष्कळ कणसे अशी निघाली की त्यांत दाणा विरळ व कोंडा फार. जमीन तीच, खत तेच, मशागतही तीच. तेव्हा दोष बियाण्यातच होता हे उघड आहे. परंतु तो दोष कोणी मुद्दाम घातलेला नव्हता. वनस्पतीच्या पेशीची जी मूळ रचना आहे तिच्यातूनच तो उद्भवतो. ती रचना समजण्यास पेशीतील एका अतिसूक्ष्म पापुद्र्याची ओळख करून घ्यावी लागते. त्या पापुद्र्यास केंद्रकाचे आवरण म्हणतात. त्याच्या आत काय असते व बाहेर काय असते, एवढे ज्यास नीट कळले, त्यास कोणते बी राखावे व कोणते राखू नये हे दुसऱ्याने सांगण्याची गरज उरत नाही.

कांद्याच्या पापुद्र्यात काय दिसते

सोलापूरच्या बाजारात कांद्यास तोटा नाही. एक कांदा घेऊन तो उभा चिरावा. त्याच्या जाड, रसाळ पाकळीच्या आतील बाजूस एक पारदर्शक पापुद्रा असतो, तो नखाने अलगद सोडवावा. काचेच्या पट्टीवर पाण्याच्या थेंबात तो पसरावा, वर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा व गावच्या हायस्कुलातील सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहावा. विटांच्या भिंतीसारखी एकास एक लागून असलेली लांबट घरे दिसतील. या पेशी होत. प्रत्येक घरात पिवळसर-तपकिरी रंग घेतलेला एक वाटोळा ठिपका दिसेल. हेच केंद्रक. केंद्रकाच्या भोवती, पेशीच्या भिंतीपर्यंत, जो पातळ रस असतो त्यास पेशीद्रव म्हणतात.

रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३१ साली आमरीवर्गातील वनस्पतींच्या पेशी तपासताना हा ठिपका सर्व पेशींत असतो हे पाहून त्यास नाव दिले. ठिपक्याची कड रेखीव असते, आतील द्रव्य बाहेरच्या रसात मिसळून जात नाही. त्यावरून त्याच्याभोवती काही वेष्टन असले पाहिजे असा तर्क पुढील शास्त्रज्ञांनी केला. परंतु ते वेष्टन कसे आहे हे कळण्यास शंभरांहून अधिक वर्षे जावी लागली. कारण साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकास एवढी बारीक वस्तू उलगडून दाखविता येत नाही. १९५० साली कॅलन व टॉमलिन या शास्त्रज्ञांनी बेडूकवर्गीय प्राण्यांच्या अंड्यातील केंद्रकाचे आवरण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ते दुपदरी असून त्यात छिद्रे आहेत असे दिसून आले. वनस्पतींच्या केंद्रकाचे आवरणही याच धर्तीचे आहे.

दुहेरी तट व त्यातील वेशी

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी सोलापूरचा भुईकोट किल्ला पाहिला असेल. त्यास एक तट नसून एकाच्या आत एक असे दोन तट आहेत व दोहोंच्या मध्ये मोकळी जागा आहे. केंद्रकाचे आवरण असेच दुहेरी असते. प्रत्येक पदर स्निग्ध द्रव्य व प्रथिने यांचा बनलेला असतो. दोन पदरांमधील अंतर सुमारे २० ते ४० नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. बाहेरचा पदर तेवढ्यावरच थांबत नाही. त्याच्याच घड्या पुढे पेशीद्रवात पसरत जातात व त्यांचे एक जाळे होते.

किल्ल्याचा दृष्टांत येथपर्यंत जुळतो. पुढे मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. किल्ल्यास वेशी मोजक्याच असतात. केंद्रकाच्या आवरणास त्या शेकड्यांनी, कित्येक पेशींत हजारांनी असतात. शिवाय किल्ल्याचे दोन तट एकमेकांपासून शेवटपर्यंत वेगळेच राहतात. येथे तसे नाही. दुहेरी कापडास काज करताना दोन्ही पदर कडेने एकत्र शिवून घेतात, त्याप्रमाणे प्रत्येक छिद्राच्या कडेस आवरणाचे दोन्ही पदर एकमेकांस जोडलेले असतात. त्या काजात सुमारे तीस प्रकारच्या प्रथिनांची, आठ पाकळ्यांच्या कमळासारखी, एक चौकट बसविलेली असते. चौकटीची रुंदी सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दहा हजारावा भाग, भरते.

आता एवढा बंदोबस्त कशासाठी? आत ठेवलेला ऐवज तसाच मोलाचा आहे म्हणून. ज्वारीच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात २० गुणसूत्रे असतात. ती सर्व उलगडून त्यांतील धागे एकापुढे एक मांडले तर सुमारे अर्धा मीटर, म्हणजे जवळजवळ एक हात लांबी भरेल. एवढा धागा डोळ्यास न दिसणाऱ्या ठिपक्यात गुंडाळून ठेविलेला असतो. ताटाची उंची, दाण्याचा रंग, निसवण्याचे दिवस, अवर्षण सोसण्याची शक्ती, यांविषयीचे बहुतेक सर्व लेख त्या धाग्यावर असतात. त्या लेखांस जनुके म्हणतात.

वेशीवरील कारभार

पाणी, क्षार, साखर यांसारखे लहान पदार्थ या वेशींतून विनाअडथळा ये-जा करतात. मोठी प्रथिने मात्र अशी सुटी सोडली जात नाहीत. ज्या प्रथिनास केंद्रकात जावयाचे असते त्याच्या रचनेतच एक ओळखचिठ्ठी गुंफलेली असते. ती चिठ्ठी ओळखणारे वाहक प्रथिन त्यास धरते व वेशीतून आत नेऊन सोडते. प्रथिनांच्या अंगी त्यांचा मुक्काम सांगणाऱ्या अशा खुणा असतात, या शोधाबद्दल गुंटर ब्लोबेल यांस १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आतून बाहेर येणाऱ्या मालाचा नियम याहून महत्त्वाचा आहे. जनुक स्वतः केंद्रकाबाहेर कधी येत नाही. गावच्या दप्तराचे मूळ कागद कचेरीतून हलत नाहीत. ज्यास गरज असेल त्यास उतारा मिळतो व त्या उताऱ्यावर पुढील व्यवहार चालतो. येथेही तसेच घडते. जनुकाचा उतारा केंद्रकात तयार होतो, तो वेशीतून पेशीद्रवात येतो व तेथे त्याबरहुकूम प्रथिन बनते. लिहिलेले आत, आणि केलेले बाहेर, अशी ही वाटणी आहे. म्हणून आवरणाच्या आतील हुकूम कितीही चांगला असला, तरी बाहेर त्याची अंमलबजावणी करणारी मंडळी कशी आहेत यावर बरेच अवलंबून राहते. ही गोष्ट वाचकांनी पक्की ध्यानात ठेवावी. पुढील सर्व विवेचन तीवरच उभे आहे.

वेशीतून शिरणारा शत्रू

पहारा कितीही कडक असला तरी वेष पालटून येणारा चोर आत शिरतोच. भेंडीवरील केवडा रोग सर्वांच्या परिचयाचा आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग पान पिवळे होते व फळे फिकट, राठ येतात. या रोगाची नोंद १९२४ सालीच मुंबई इलाख्यातून झाली होती. त्याचे कारण एक विषाणू असून पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. या विषाणूस स्वतःची वाढ स्वतः करिता येत नाही. भेंडीच्या केंद्रकात शिरून तेथील साहित्यावरच त्यास आपल्या नकला काढाव्या लागतात. त्यासाठी त्याच्या अंगावरील प्रथिनात केंद्रकात जाण्याची ओळखचिठ्ठी असते. वाहक प्रथिने त्यास घरचाच समजून आत पोहोचवितात.

यातून व्यवहाराचा बोध असा की, विषाणू एकदा केंद्रकात शिरला म्हणजे कोणत्याही फवारणीने ते झाड बरे होत नाही. पिवळे पडलेले झाड आशेने ठेवण्यात शेजारच्या झाडांचा घात मात्र होतो. यास्तव रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करावे, पिवळे चिकट सापळे लावून पांढऱ्या माशीवर नजर ठेवावी, आणि रोगास दाद न देणारे वाण निवडावे. बंदोबस्त करावयाचा तो वेशीबाहेरच.

पेशी दुभंगते तेव्हा

झाड वाढते म्हणजे त्याच्या पेशी दुभंगून दोनाच्या चार व चाराच्या आठ होतात. मुळाच्या टोकाशी हे काम अखंड चालू असते. दुभंगण्यापूर्वी केंद्रकातील सर्व लेखांची दुसरी प्रत तयार होते. नंतर गुणसूत्रे आखडून जाड होतात व हे भक्कम दिसणारे आवरण विस्कटून जाते. त्याचे पापुद्रे पेशीद्रवातील जाळ्यात मिसळतात. गुणसूत्रांच्या दोन सारख्या वाटण्या पेशीच्या दोन टोकांकडे ओढल्या जातात, आणि मग प्रत्येक वाटणीभोवती त्याच पापुद्र्यांतून नवे आवरण उभे राहते, वेशीही पुन्हा बसतात.

गुणसूत्रांची वाटणी अशी काटेकोर होते. बाहेरील पेशीद्रवाची तशी होत नाही. त्यात जे काही असेल ते ज्या बाजूस राहील त्या पेशीचे. पेशीद्रवात तंतुकणिका नावाचे अतिसूक्ष्म कण असतात. अन्नापासून शक्ती उत्पन्न करणे हे त्यांचे काम. विशेष हे की, या कणांपाशी त्यांची स्वतःची थोडीशी जनुके असतात. म्हणजे वारशाचे मोठे दप्तर आवरणाच्या आत असले, तरी एक लहानशी चोपडी आवरणाच्या बाहेरही असते.

आतला वारसा व बाहेरचा वारसा

ज्वारी फुलोऱ्यावर येते तेव्हा परागकण कुक्षीवर पडतो, त्यातून एक नळी फुटते व तिच्या वाटे दोन नर-केंद्रके खाली उतरतात. एक अंडपेशीच्या केंद्रकाशी मिळते. दोन्ही केंद्रकांची आवरणे एकमेकांस चिकटतात, त्यांचे पदर जुळतात व दोहोंचे मिळून एकच केंद्रक होते. त्यात १० गुणसूत्रे आईची व १० बापाची. हाच पुढे दाण्यातील कोंब होतो. दुसरे नर-केंद्रक मादीच्याच दुसऱ्या दोन केंद्रकांशी मिळते व त्यातून दाण्याचा पिठूळ भाग होतो. आपण जी भाकरी खातो तिच्या पिठाच्या पेशींत याप्रमाणे दोन वाटे आईचे व एक वाटा बापाचा असतो.

आता आवरणाबाहेरचे पाहू. अंडपेशी पेशीद्रवाने भरलेली असते. परागातून येणारे नर-केंद्रक जवळजवळ रिक्त हस्तेच येते. म्हणून तंतुकणिका व त्यांजवळील ती लहान चोपडी आईकडूनच येते. सारांश, आवरणाच्या आतील वारसा आई व बाप यांचा निम्मा-निम्मा, आणि बाहेरील वारसा आईचा. माहेरची खोड माहेरच्या वाटेनेच चालते. बाप कितीही वेळा बदलला तरी ती जात नाही.

मालदांडीची गोष्ट

याचे उत्तम उदाहरण आमच्या जिल्ह्याच्याच ज्वारीत सापडते. मोहोळ येथील संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करून १९३० नंतरच्या दशकात 'एम ३५-१' हा वाण काढण्यात आला. टपोरा, मोत्यासारखा पांढरा दाणा, चवदार भाकरी व भरपूर कडबा या गुणांमुळे तो इतक्या वर्षांनंतरही रब्बीत टिकून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेही याच मालदांडीच्या परंपरेस.

मालदांडीच्या पेशीद्रवात पराग मारण्याची एक खोड दडलेली आहे असे सांगितले तर वाचकांस नवल वाटेल. शेतात ती कधी दिसत नाही, कारण मालदांडीच्याच केंद्रकात त्या खोडीवर उतारा असलेली जनुके आहेत. त्यांच्या हुकुमाची नक्कल वेशीतून बाहेर येते, तिजप्रमाणे प्रथिन बनते व ते बाहेरील खोडीस आवरून धरते. आत व बाहेर अनेक पिढ्यांचा सहवास असल्याने संसार सुखाचा चालतो.

परंतु शास्त्रज्ञांनी मालदांडीस मादी धरून तिच्यावर दुसऱ्या काही वाणांचा पराग पिढ्यान्पिढ्या टाकून पाहिला. पहिल्या संकरात केंद्रकातील मालदांडीचा वाटा निम्मा राहतो, दुसऱ्यात चौथाई, आणि अशा रीतीने सातव्या पिढीस तो सरासरीने एकशे अठ्ठाविसावा उरतो. म्हणजे आवरणाच्या आत सारे दप्तर परक्याचे झाले. बाहेरचे पेशीद्रव मात्र मालदांडीचेच राहिले. खोडीस आवरणारा हुकूम आता आतून येईना. तेव्हा ताट उत्तम वाढते, कणीस येते, मादीभागही धड असतो, परंतु पराग निकामी होतो. अशा ताटास नर-वंध्य म्हणतात.

हाच चमत्कार याहून आधी अमेरिकेतील टेक्सास प्रांतात दिसून आला होता. स्टीफन्स व हॉलंड या संशोधकांनी १९५४ साली असे दाखविले की, मायलो ज्वारीच्या पेशीद्रवात काफिर ज्वारीचे केंद्रक आणून बसविले असता नर-वंध्य ताट मिळते. त्याचा उपयोग फार मोठा झाला. ज्वारीच्या एकाच फुलात नर व मादी दोन्ही भाग असल्यामुळे हजारो कणसांतील परागकोश हाताने काढणे अशक्य. म्हणून तोपर्यंत संकरित बी मोठ्या प्रमाणावर करता येत नव्हते. नर-वंध्य मादी मिळताच ती अडचण सरली. भारतात 'सी.एस.एच. १' ही पहिली संकरित ज्वारी १९६४ साली प्रसारित झाली, ती याच मायलो पेशीद्रवाच्या आधारे. पुढील व्यापारी संकरित ज्वारीही बहुतेक सर्व त्याच पेशीद्रवावर उभी आहे. मालदांडीच्या पेशीद्रवातील खोड आवरणारे नर-वाण फार थोडे सापडत असल्याने त्याचा तसा उपयोग करणे कठीण पडते.

संकरित बी घरचे का चालत नाही

संकरित बियाण्याच्या क्षेत्रात चार ओळी नर-वंध्य मादीच्या व दोन ओळी नराच्या अशी पेरणी सामान्यतः करितात. नर-वाण असा निवडतात की, त्याच्या केंद्रकात पराग पुन्हा धड करणारे जनुक असावे. मादीच्या ओळींतील दाणा तोच संकरित बियाणे म्हणून विकला जातो. त्या दाण्यात पेशीद्रव मादीचे, म्हणजे खोडीचे असते. परंतु केंद्रकात बापाकडून आलेले उताऱ्याचे जनुक असते. म्हणून शेतकऱ्याच्या रानात ते पीक पराग धरते व कणसे भरतात. केंद्रकातील दोन भिन्न वारसे एकत्र आल्याने पिकास जोमही अधिक येतो.

आता त्याच कणसांतील दाणा राखून पेरला तर काय होईल? पेशीद्रव आईचेच, म्हणून खोड प्रत्येक दाण्यात कायम. उताऱ्याचे जनुक मात्र केंद्रकातील जोडीपैकी एकाच बाजूस होते. ते पुढील पिढीस वाटले जाताना काहींस दोन्हीकडून मिळते, काहींस एकीकडून, व काहींस मुळीच मिळत नाही. जेथे हे काम एकच प्रबळ जनुक करते तेथे हिशेबाने रुपयास चार आणे, म्हणजे चौथा हिस्सा ताटे उताऱ्यावाचून राहतात व नर-वंध्य निपजतात. शेजारच्या ताटांचा पराग वेळेवर मिळाला तर त्यांत काही दाणा भरतो. न मिळाला तर कणीस कोंड्याचे. शिवाय फलित न झालेल्या फुलांवर अरगट रोग लवकर पडतो व कणसांतून गोड, चिकट स्राव गळू लागतो. त्याच वाटणीत उंची, निसवणीचे दिवस व दाण्याचे गुण यांचीही फाटाफूट होते. आमच्या रानात त्या वर्षी जे दिसले ते हेच होय. त्यास आम्ही प्रथम हवामानास दोष देत बसलो होतो.

रब्बीत आणखी एक अडचण असते. रात्रीची थंडी फार पडल्यास कित्येक संकरित ज्वारींत पराग धड करण्याचे हे काम मंदावते व दाणा कमी भरतो. मालदांडीसारख्या सरळ वाणात आत व बाहेर मूळचाच मेळ असल्याने या प्रकारचे भय राहत नाही. संकरित ज्वारीने आपल्या रब्बी भागात मालदांडीस हटविले नाही, याच्या कारणांत दाण्याची चव, कडब्याची प्रत व खोडमाशी सोसण्याची शक्ती यांच्याबरोबर हेही एक धरले पाहिजे.

येथे कोणी असे समजू नये की आम्ही संकरित बियाण्याची निंदा करीत आहो. ज्यास पाण्याची सोय आहे व ज्यास अधिक उत्पन्नाच्या हिशेबाने दरसाल नवे बी घेणे परवडते, त्याने ते खुशाल घ्यावे. आमचे म्हणणे इतकेच की, ते दरसाल विकत घ्यावयाचे बी आहे हे जाणून घ्यावे. अर्धा खर्च वाचविण्यासाठी त्याचेच घरचे बी पेरणे म्हणजे बियाण्याचे पैसे वाचवून पीक गमावणे होय.

घरचे बी राखण्याची रीत

सरळ वाणांचे बी मात्र अवश्य राखावे. मालदांडी, तसेच राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले वसुधा, फुले सुचित्रा, फुले अनुराधा यांसारखे वाण या वर्गात येतात. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा व छापाच्या पिशवीवाचून विकण्याचा हक्क दिलेला आहे.

तथापि घरचे बी म्हणजे खळ्यावरील राशीतून उचललेले चार पायली धान्य नव्हे. ज्वारीचे परागीकरण बहुतांशी स्वतःच्याच फुलांत होते हे खरे. परंतु वाऱ्याने काही पराग बाहेरचाही येतो, व तो येताना परका वारसा थेट केंद्रकात घेऊन येतो. म्हणून पुढील नियम पाळावे.

१. बियाण्याचा तुकडा दुसऱ्या वाणाच्या ज्वारीपासून शक्य तर शंभर ते दोनशे मीटर दूर असावा. जवळ संकरित किंवा रानज्वारी असल्यास बी राखू नये.

२. पीक उभे असतानाच निवड करावी. निसवणीपूर्वीच वेगळ्या जातीची ताटे उपटून टाकावी. पराग उडाल्यावर उपटून उपयोग नाही.

३. बांधाकडील ओळी सोडून रानाच्या मध्यभागातील, वाणाच्या मूळ रूपास धरून असलेली, निरोगी शंभरांवर कणसे निवडावी. चारदोन अजस्र कणसांच्या मोहात पडू नये; त्यांचा मोठेपणा पुष्कळदा मोकळ्या जागेचा किंवा परक्या परागाचा असतो.

४. ही कणसे वेगळी खुडून वेगळी मळावी, दाणा चांगला वाळवावा व कोरड्या जागी ठेवावा.

५. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या कापडात गुंडाळून उगवण पाहावी. पंचाहत्तरांहून कमी उगवल्यास ते बी खाण्याकडे लावावे.

६. काणी रोग टाळण्यासाठी दर किलो बियाण्यास ३०० मेशचे बारीक गंधक ४ ग्रॅम चोळावे. एक हेक्टरास सुमारे १० किलो बी लागते. तेव्हा गंधकाचा खर्च नगण्य आहे.

७. तीन-चार वर्षांनी एकदा त्याच वाणाचे खात्रीचे प्रमाणित बी आणून घरचे बी बदलावे.

एकट्या शेतकऱ्यास पहिला नियम पाळणे जड जाते, कारण शेजारी काय पेरील हे त्याच्या हाती नसते. म्हणून एकेका शिवारातील पाचसात सभासदांनी एकत्र येऊन रब्बीत एकच वाण पेरावा व मधल्या तुकड्यात बी धरावे, अशी आमची सूचना आहे. खर्च वाढत नाही, आणि सर्वांस बी मिळते.

कांद्याच्या पापुद्र्यात दिसणारा तो ठिपका व त्याभोवतीचे न दिसणारे आवरण यांचा आपल्या रानाशी संबंध तो हा. बियाण्याची पिशवी हाती आली म्हणजे बाहेरील चित्र व छापील स्तुती वाचण्याआधी दोन प्रश्न विचारावे: हे बी सरळ वाणाचे की संकरित? आणि याच्या आत-बाहेरचा मेळ पुढील पिढीत टिकणारा आहे की नाही? पहिल्याचे उत्तर पिशवीवर लिहिलेले असते. दुसऱ्याचे उत्तर वरील विवेचनावरून वाचकांस स्वतःच देता येईल. या हंगामात जे सभासद वरील रीतीने बियाण्याचा तुकडा धरतील त्यांनी उगवण, निसवणीचे दिवस व दर गुंठ्यास आलेला दाणा यांची टिपणे ठेवून सुगीनंतर आमच्याकडे पाठवावी; ती पुढील अंकांतून सर्वांच्या उपयोगासाठी प्रसिद्ध करू.